सॉकेटात बसतंय, पण बोर्डाला माहीत आहे का?

बेळगावजवळच्या खानापुरात माझं डीटीपीचं छोटं काम आहे. लग्नपत्रिका, यात्रेची पत्रकं, मराठी शाळांच्या प्रश्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं आणि मधूनमधून कन्नडमधले अर्ज. एका पानावर मराठी, पुढच्या पानावर कन्नड, हे आमच्याकडे रोजचंच. हे सगळं ज्या कॉम्प्युटरवर चालायचं तो २०१७ चा. इंटेलचा कोअर आय३ ७१०० प्रोसेसर, एच११० चिपसेटचा बोर्ड. बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर सगळे भाग जोडतात तो; चिपसेट म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी त्यावरची चिप. मशीन अजून ठणठणीत होतं. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहेत. माझा सातव्या पिढीचा. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह दिवसभर माझ्या मशीनला लागतात. सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या मशीनला ते लावत राहणं मला पटेना.

शेजारी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथला मुलगा हुशार, हात चांगला. तो म्हणाला, “अक्का, नवीन कशाला? आठव्या पिढीचा आय३ घाल की ह्यातच. सॉकेट एकच आहे, अकराशे एक्कावन्न. बसतंय.”

बसतं हे खरं. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. सातव्या आणि आठव्या, दोन्ही पिढ्यांच्या सॉकेटचं नाव एलजीए ११५१ च आहे. पण ऑक्टोबर २०१७ मध्ये आठवी पिढी आली तेव्हा इंटेलने काही पिनांचं काम बदललं. आधी राखीव ठेवलेल्या पिनांतल्या काही पिना वीजपुरवठ्यासाठी घेतल्या, आणि हे प्रोसेसर फक्त ३०० मालिकेच्या चिपसेटवर चालतील असं ठरवलं. म्हणजे माझ्या एच११० वर तो प्रोसेसर छान बसला असता, कुलूप लागलं असतं, पंखाही फिरला असता आणि पडद्यावर काही आलं नसतं.

एवढं वाचल्यावर मी ठरवलं की नवीन मशीन घ्यायचंच, पण जोडायचं आपल्या हातानं आणि प्रत्येक भाग का घेतला हे समजून. बेळगावात तयार असेंबल्ड मशीन मिळतं, त्यात गैर काही नाही. पण काम माझं आहे. हंगामात ते बंद पडलं तर बेळगावहून माणूस येईपर्यंत थांबायला मला परवडत नाही. आत काय आहे हे मला माहीत असायला हवं.

सगळ्यात जास्त वेळ बायॉस समजून घेण्यात गेला, आणि तो जायलाच हवा होता. तोवर मला बायॉस म्हणजे मशीन चालू करताना डिलीट दाबलं की येणारा तो पडदा एवढंच ठाऊक. प्रत्यक्षात तो मदरबोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम असतो. आठ पायांची, नखाएवढी चिप. बटण दाबलं की विंडोजच्या कितीतरी आधी हा प्रोग्रॅम जागा होतो, प्रोसेसर कुठला आहे ते बघतो, रॅमशी वेग आणि वेळेचं गणित जुळवतो, चित्र कुठून बाहेर काढायचं ते ठरवतो, डिस्क शोधतो आणि मग कारभार विंडोजच्या हाती देतो. आजकालच्या बोर्डांवर असतं ते खरं तर यूईएफआय. इंटेलने आधी ईएफआय केलं, २००५ पासून अनेक कंपन्यांचा मिळून यूईएफआय फोरम ते चालवतो. पण दुकानात, बोर्डाच्या पुस्तिकेत, सगळीकडे नाव बायॉसच राहिलं आहे, मीही तेच म्हणते.

आता मुद्दा असा, की हा प्रोग्रॅम बोर्ड कारखान्यातून निघतो त्या दिवशीचा असतो. त्या दिवसापर्यंत जे प्रोसेसर आले होते तेवढेच त्याला ठाऊक. रेशनच्या यादीत नाव नसलं की माणूस काउंटरसमोर उभा असला तरी धान्य मिळत नाही, तसंच हे. नंतर आलेला प्रोसेसर सॉकेटात बसेल, पण बोर्ड त्याला ओळखणार नाही. यादी नवी करायची म्हणजे बायॉस अपडेट करायचा.

एएमडी ही इंटेलसारखीच प्रोसेसर करणारी कंपनी, रायझन हे तिचे प्रोसेसर. तिच्या एएम४ सॉकेटचा इतिहास वाचला तेव्हा हे डोक्यात पक्कं बसलं. हे सॉकेट २०१६ साली आलं आणि पुढे कितीतरी वर्षं एकाच सॉकेटवर रायझन १००० पासून ५००० पर्यंतच्या मालिका आल्या. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने फारच चांगली गोष्ट. पण बायॉसची ती चिप बऱ्याच जुन्या बोर्डांवर फक्त १६ एमबीची होती. एवढ्या सगळ्या पिढ्यांची माहिती तिच्यात मावेना. मे २०२० मध्ये एएमडीने आधी सांगितलं की ४०० मालिकेच्या (बी४५० सारख्या चिपसेटच्या) बोर्डांवर पुढची पिढी चालणार नाही. लोकांनी जोरदार नाराजी दाखवल्यावर त्याच महिन्यात निर्णय फिरवला. काही कंपन्यांनी मग नव्या बायॉसमध्ये जागा करण्यासाठी अगदी जुन्या प्रोसेसरांचा सपोर्ट काढून टाकला, काहींनी बायॉसच्या पडद्यावरची रंगीत चित्रं काढून साधा मेनू दिला. नवा बायॉस म्हणजे आधीचं सगळं अधिक नवं काही, असं धरून चालता येत नाही. त्यातून काही वजाही झालेलं असू शकतं. म्हणून अपडेटच्या फाइलीशेजारची टीप वाचावी लागते.

मी एएम४ च का घेतलं, तर रॅममुळे. जुन्या मशीनमध्ये माझ्याकडे ८ जीबीच्या दोन डीडीआर४ (म्हणजे चौथ्या पिढीच्या रॅमच्या) पट्ट्या होत्या, २४०० वेगाच्या. त्या दिवसांत रॅमचे भाव चढायला लागले होते. नवं एएम५ सॉकेट फक्त डीडीआर५ घेतं. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्हींना पिना २८८ च, पण मधली खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एकाची पट्टी दुसऱ्यात बसतच नाही. निदान इथे तरी फसायला जागा नाही. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये गंमत वेगळी: त्याच एच६१० चिपसेटचे काही बोर्ड डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे. बोर्डाचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं नाही तर घरी आल्यावर कळतं.

माझं काम पत्रिका, फ्लेक्सची डिझाइन, फोटो. त्याला महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मी रायझन ५ ५६००जी निवडला. सहा कोअर, ६५ वॅट, आणि आतच ग्राफिक्स. इथे शेवटचं अक्षर फार महत्त्वाचं. जी नसलेल्या साध्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. बोर्डाच्या मागे एचडीएमआयचं भोक दिसतं, ते बोर्डाचं असतं, पण चित्र तयार करणार प्रोसेसर. त्यात ग्राफिक्स नसेल तर त्या भोकातून काहीच येत नाही. इंटेलमध्ये नावापुढे एफ असला की हीच कथा. २४०० च्या रॅमवर ५६००जी चं ग्राफिक्स थोडं हळू पडतं, कारण त्याला वेगळी मेमरी नाही, ते रॅममधूनच वाटा घेतं. गेम खेळणाऱ्याला मी नव्या ३२०० च्या पट्ट्या घ्यायला सांगेन. कोरलड्रॉमध्ये पत्रिका लावणाऱ्या बाईला जुन्या पट्ट्या पुरतात.

मग बोर्ड. ५६००जी दुकानांत आला ऑगस्ट २०२१ मध्ये. बी४५० बोर्ड २०१८ चे, बी५५० बोर्ड जून २०२० चे. म्हणजे बी५५० घेतला तरी तो पहिल्या वर्षातला असेल तर त्याला ५६००जी माहीत नसणार. बऱ्याच जणांना वाटतं की ५०० मालिकेचा बोर्ड घेतला की काळजी मिटली. तारीख बघा, मिटत नाही. प्रत्येक बोर्ड कंपनी आपल्या साइटवर प्रोसेसरांची यादी देते. बोर्डाचं नेमकं मॉडेल उघडायचं, सपोर्टमध्ये जायचं, आपला प्रोसेसर शोधायचा. त्याच्यापुढे ‘अमुक आवृत्तीपासून’ असं लिहिलेलं असतं. माझ्या दृष्टीनं ही यादी म्हणजे सगळ्या खरेदीतला सर्वांत कामाचा कागद. मी ती छापून पर्समध्ये ठेवली होती.

आमच्या भागात ह्याला आणखी वजन का आहे ते सांगते. बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर माल आला की गेला. बेळगावात, निपाणीत, चिक्कोडीत बोर्डाचा खोका कपाटात दीड-दोन वर्षं सहज राहू शकतो. दुकानदाराचा त्यात दोष नाही, लहान बाजाराचा तो स्वभाव आहे. पण खोक्यावर वर्षानुवर्षांची धूळ म्हणजे आत तेवढाच जुना बायॉस. आणि जुना माल थोडा स्वस्तही मिळतो. म्हणजे आपल्यासारख्यालाच हा प्रश्न जास्त विचारावा लागतो.

बेळगावच्या दुकानात मी यादी काढली तेव्हा मालक आधी थोडे गोंधळले. कन्नड बोलणारे, पण मराठी आमच्यासारखंच. एक बी४५० बोर्ड समोर ठेवत म्हणाले, “हे घ्या की अक्का, चालतंय. रायझन सगळं चालतंय ह्याच्यावर.”

मी म्हटलं, “अण्णा, रायझन चालतंय ते खरं, पण ५६००जी आत्ता, आहे तसा चालू होईल का? आत कुठला बायॉस आहे?”

“ते खोलल्याशिवाय कळत नाही ओ.”

“स्टिकर असेल बघा. रायझन ५००० रेडी असं खोक्यावर असतं काही वेळा.”

नव्हतं. मग त्यांनीच उत्साहानं आणखी दोन खोके खाली काढले. एका बी५५०एम बोर्डावर, पॉवरच्या मोठ्या कनेक्टरशेजारी, छोटं पांढरं लेबल होतं आणि त्यावर बायॉसची आवृत्ती. माझ्या यादीत ५६००जी पुढे जी आवृत्ती होती तिच्यापेक्षा ती जुनी. म्हणजे हाही सरळ चालू होणार नव्हता. पण ह्या बोर्डाच्या मागच्या पट्टीवर एक छोटं बटण होतं, आणि शेजारच्या यूएसबी भोकाभोवती वेगळी चौकट. बायॉस फ्लॅशबॅक. प्रोसेसर नसतानाही, रॅम नसतानाही, फक्त वीज आणि पेनड्राइव्हवर बायॉस नवा करता येतो. वेगवेगळ्या कंपन्या ह्याला वेगवेगळी नावं देतात, गिगाबाइटचं क्यू-फ्लॅश प्लस, एमएसआयचं फ्लॅश बायॉस बटण. काम एकच.

हे बटण नसेल तर नेहमीचा मार्ग असा: बोर्डाला आधीपासून माहीत असलेला एखादा जुना प्रोसेसर बसवून मशीन चालू करायचं, बायॉस अपडेट करायचा आणि मग नवा बसवायचा. एएमडी एकेकाळी ह्यासाठी लोकांना तात्पुरता प्रोसेसर वापरायला पाठवत असे. चांगला दुकानदार आपल्याकडचा जुना प्रोसेसर लावून हे करून देतो, ते खरेदीआधीच ठरवून घ्यावं. मी बटणवाला बोर्ड घेतला. अण्णांनी माझ्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला आणि म्हणाले, “हे बरं आहे. गिऱ्हाइकाला दाखवायला येतंय.” मला मनापासून आनंद झाला.

बाकीच्या भागांचं थोडक्यात. कॅबिनेट मायक्रो-एटीएक्स (हा बोर्डाचा एक लहान आकार) बोर्ड घेणारं आहे ना, एवढं बघितलं. एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, मात्र नवा घेतला. जुन्याला प्रोसेसरच्या विजेसाठी चार पिनांचाच कनेक्टर होता, नव्या बोर्डाला आठ पिनांचा हवा. आठ पिनांचा ग्राफिक्स कार्डाचा कनेक्टरही दिसायला तसाच असतो, पण त्याची रचना वेगळी, तो इथे दाबून बसवायचा नाही. आणि ज्या एसएमपीएसच्या वायरी सुट्या निघतात त्यांच्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधी लावू नयेत. टोक बसतं, आतल्या पिनांचा क्रम वेगळा निघतो, आणि डिस्क जळू शकते. ह्या एका बाबतीत मी सगळ्यांना अगदी कळकळीनं सांगते.

एसएसडीसाठी एम.२ चं भोक होतं. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. तिथेही साटाचा (जुन्या, हळू पद्धतीचा) एम.२ आणि एनव्हीएमई (नव्या, वेगवान पद्धतीचा) हे दोन वेगळे प्रकार, दिसायला जवळजवळ सारखे. बोर्डाच्या पुस्तिकेत कुठल्या भोकात काय चालेल ते लिहिलेलं असतं. त्याच पानावर आणखी एक ओळ असते, जी सहसा कोणी वाचत नाही: दुसरं एम.२ वापरलं तर अमुक साटा पोर्ट बंद होतील. माझी जुनी हार्ड डिस्क, ज्यावर कितीतरी वर्षांच्या पत्रिका आहेत, ती कुठल्या पोर्टला लावायची ते मी त्या ओळीवरून ठरवलं.

बायॉस भरण्याचा दिवस मी मुद्दाम निवडला. ऑक्टोबरात आमच्याकडे परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडत येतो. जांबोटीच्या बाजूला आभाळ काळं झालं की खानापुरात वीज जाणार हे धरूनच चालायचं. बायॉस लिहिला जात असताना वीज गेली तर चिपमध्ये अर्धाच प्रोग्रॅम राहतो आणि बोर्ड मुका होतो. फ्लॅशबॅकवाल्या बोर्डावर पुन्हा प्रयत्न करता येतो, पण तसं बटण नसलेल्या बोर्डावर चिपच बाहेरून प्रोग्रॅमर लावून लिहून घ्यावी लागते. लॅपटॉप दुरुस्तीवाले ते करतात. मग मी सकाळी लवकर, कोरड्या हवेत, यूपीएस पूर्ण चार्ज करून बसले.

फाइल उतरवताना सगळ्यात आधी बोर्ड टेबलावर उजेडात धरला. कोपऱ्यात, हिरव्या-काळ्या पट्टीवर, अगदी बारीक अक्षरांत रिव्हिजनचा आकडा छापलेला असतो. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजन असल्या तर त्यांची बायॉसची फाइल वेगळी असू शकते. खोक्यावरचं नाव बघून फाइल घ्यायची नाही, बोर्डावरचा आकडा बघून घ्यायची. मग झिप उघडली, टीप वाचली, आणि फाइलीला पुस्तिकेत सांगितलेलं नेमकं नाव दिलं. बोर्डाला मेनू नाही, माउस नाही, तो पेनड्राइव्हवर फक्त ते एक नाव शोधतो. पेनड्राइव्ह मी मुद्दाम जुना १६ जीबीचा घेतला आणि एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केला. मोठे पेनड्राइव्ह सहसा एक्सफॅटमध्ये येतात आणि ह्या छोट्या प्रोग्रॅमला बहुधा एफएटी३२ च वाचता येतं.

बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवला. एसएमपीएसची २४ पिनांची आणि ८ पिनांची वायर लावली. प्रोसेसर नाही, रॅम नाही. पेनड्राइव्ह चौकटीतल्या भोकात. बटण दाबून धरलं आणि शेजारचा दिवा लुकलुकायला लागला. पुस्तिकेत लिहिलेलं असतं की काही सेकंद लुकलुकून दिवा तसाच पेटून राहिला तर फाइल सापडली नाही, लुकलुकत राहिला तर काम चालू आहे. माझा लुकलुकत राहिला. ती काही मिनिटं मी कुणाला टेबलाजवळ येऊ दिलं नाही. शेजारचा मोबाइलवाला मुलगा दारात उभा राहून बघत होता. त्याला मी हातानंच थांब म्हटलं. मग दिवा विझला. काम झालं होतं.

त्यानंतर प्रोसेसर. एएम४ च्या प्रोसेसरला पिना त्याच्याच पोटाखाली असतात, केसासारख्या बारीक. एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण, सॉकेटवरही तसाच त्रिकोण. दोन्ही एका बाजूला आणायचे, कडेची दांडी उभी करायची आणि प्रोसेसर फक्त ठेवायचा. जोर लावायचा नाही, तो स्वतःच्या वजनानं खाली बसतो. मग दांडी आडवी. प्रोसेसरसोबत आलेल्या कूलरला (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पंख्याला) चार स्क्रू असतात, त्यासाठी बोर्डावरचे प्लॅस्टिकचे पाय आधी काढावे लागतात. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे फिरवत आवळले. एक गोष्ट त्या मोबाइलवाल्या मुलालाही सांगून ठेवली: कधी कूलर काढायचा झाला तर मशीन थोडा वेळ चालवून गरम करायचं आणि हलकं फिरवत काढायचं. दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट थंड होऊन चिकटून राहिली तर कूलरबरोबर प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात.

जुन्या रॅमच्या पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबरनं पुसून घेतले. चार खाचांच्या बोर्डावर दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी खाच. दोन पट्ट्या दोन वेगळ्या वाहिन्यांवर गेल्या की प्रोसेसरातल्या ग्राफिक्सला त्याचा चांगला फायदा होतो.

बटण दाबलं. पंखा फिरला. बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट. बायॉस ज्या पायरीवर असतो तो दिवा लागतो. प्रोसेसरचा लागून लगेच विझला. मला सगळ्यात मोठं समाधान त्या विझण्याचं. नव्या यादीत त्याचं नाव होतं. रॅमचा दिवा मात्र बराच वेळ राहिला. नव्या बायॉसला पट्ट्या अनोळखी, तो त्यांच्याशी वेग जुळवून बघत असतो. ह्या वेळी घाबरून बटण बंद केलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. थांबले. मग तोही विझला आणि पडदा उजळला.

पण विंडोज नव्हे, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी सूचना. नवा प्रोसेसर बसवला आहे, एफटीपीएममधली माहिती जुळत नाही, पुसून नवी करायची असेल तर वाय दाबा, नसेल तर एन. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे बिघाडासारखं वाटतं, तो बिघाड नाही. एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरच्या आत असलेली किल्ल्या ठेवायची जागा. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं ते हेच. माझी डिस्क नवी कोरी होती, त्यामुळे वाय दाबायला हरकत नव्हती. पण डिस्क बिटलॉकरनं (विंडोजच्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीनं) बंद केलेली असेल तर वाय दाबल्यावर किल्ली जाते आणि रिकव्हरी की नसेल तर सगळा डेटा गेला. बायॉस अपडेट करण्याआधी ती की कागदावर उतरून घ्यायची, हे मी माझ्या ओळखीच्या सगळ्या डीटीपीवाल्यांना सांगितलं आहे. आणि ह्याच एफटीपीएममुळे काही रायझन मशीनं मधूनच अडखळायची, एएमडीने ते मार्च २०२२ मध्ये मान्य केलं आणि दुरुस्ती नव्या बायॉसमधूनच दिली. म्हणून मी फक्त ५६००जी ओळखण्यापुरती किमान आवृत्ती न भरता त्यानंतरची, ही दुरुस्ती असलेली भरली होती.

बायॉसमध्ये मग थोडंच बघायचं होतं. दोन्ही पट्ट्या दिसतात का, वेग २४०० आहे का, एफटीपीएम चालू आहे का, सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅमला मशीन सुरू करू न देणारी सोय) चालू आहे का. ग्राफिक्सला रॅममधून किती वाटा द्यायचा ते ठरवलं. तारीख-वेळ बरोबर लावली. ही सेटिंग बोर्डावरच्या सीआर२०३२ बॅटरीवर जपली जातात. मशीन रोज सकाळी चुकीची तारीख दाखवायला लागलं की आधी ती गोल बॅटरी बदलून बघावी, ती कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळते.

विंडोज नव्यानं टाकलं. जुनी डिस्क जशीच्या तशी उचलून त्यावरूनच मशीन चालू करायचा सल्ला मला मिळाला होता. पण ती जुन्या एमबीआर पद्धतीनं विभागलेली, आणि सिक्युअर बूटसह यूईएफआयला जीपीटी ही नवी पद्धत लागते. एमबीआरमधून जीपीटी करायला मायक्रोसॉफ्टचंच साधन आहे. पण माझ्या आयुष्यभराच्या फाइली ज्या डिस्कवर आहेत तिच्यावर मला प्रयोग करायचा नव्हता. ती फक्त दुसरी डिस्क म्हणून लावली.

शेवटची अडचण भागांची नव्हती, ड्रायव्हरची होती. मराठीच्या एका जुन्या फॉण्ट-सॉफ्टवेअरचं यूएसबी डोंगल आहे माझ्याकडे, म्हणजे ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी किल्ली. त्याचा जुना ड्रायव्हर विंडोज ११ ने अडवला, कारण मेमरी इंटिग्रिटी ही विंडोजची सुरक्षेची सोय चालू असली की जुन्या धाटणीचे ड्रायव्हर ते आत येऊ देत नाही. ते बंद करणं सोपं होतं. बाहेरचे पेनड्राइव्ह लागणाऱ्या मशीनवर मी ते बंद करणार नाही. नवा ड्रायव्हर मिळाला तेव्हा डोंगल चाललं, आणि तोपर्यंतच्या कामासाठी मी जुनं मशीन नेट काढून बाजूला चालू ठेवलं. नवं काम आता मी युनिकोडमध्येच करते, मराठीही आणि कन्नडही. फाइल कोणाकडेही उघडते.

तुळशीच्या लग्नानंतर पत्रिका सुरू झाल्या तेव्हा मशीन तयार होतं. टेबलाच्या खणात एक वही आहे: बोर्डाचं पूर्ण नाव, रिव्हिजन, भरलेली बायॉसची आवृत्ती, रॅम कुठल्या खाचेत, जुनी डिस्क कुठल्या पोर्टला. बायॉसची फाइल त्याच १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर वेगळी ठेवली आहे. नवी आवृत्ती आली म्हणून लगेच भरायची नाही असं मी ठरवलंय. टीपेत सुरक्षेची दुरुस्ती असेल तर भरायची, आणि तीही पावसाळा सोडून.

नंदगडचा एक ओळखीचा मुलगा आता एएम५ चं मशीन जोडतोय, त्याला व्हिडिओ एडिटिंग करायचंय. तो यादी घेऊन आला होता. बोर्ड बी६५०, प्रोसेसर त्यानंतर आलेल्या रायझन ९००० मालिकेतला. मी त्याला आधी बायॉसची आवृत्ती विचारून यायला सांगितलं, फ्लॅशबॅकचं बटण आहे का ते बघायला सांगितलं, आणि एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसून सॉकेटात असतात, तेव्हा वरचं काळं झाकण प्रोसेसर बसेपर्यंत हात लावून काढू नको म्हणाले. डीडीआर५ ला पहिल्यांदा जुळवून घ्यायला आणखी जास्त वेळ लागतो, काही वेळा कित्येक मिनिटं. रॅमचा दिवा लागलेला असेल तर चहा पिऊन ये, पण बटण दाबू नकोस.